आभाळ निरभ्र, तरी नाल्याला पूर: हिमालयातल्या वितळत्या बर्फाचे वेळापत्रक

मे महिन्याची सुट्टी लागली की ठाण्या-नवी मुंबईतून मनालीकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीपलीकडचे लाहौल खोरेही या सहलींच्या आवाक्यात आले. बोगद्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सिस्सू गाव लागते आणि चंद्रा नदीच्या पैलतीरावरच्या कड्यावरून खाली झेपावणारा धबधबा दिसतो. डोक्यावर स्वच्छ निळे आभाळ, पावसाचा मागमूस नाही, आणि समोर पाणी मात्र भर जुलैतल्यासारखे. पाहणाऱ्याला हे दृश्य सुंदर वाटते, पण त्यातले कोडे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ते कोडे पुढे येते ते बातम्यांमधून. नाल्याला अचानक पाणी वाढले आणि रस्ता बंद झाला, पर्यटकांच्या गाड्या पाण्यात अडकल्या, पात्रातल्या दगडावर फोटो काढायला उतरलेले लोक वाहून गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्या वाचताना आपल्याकडच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो, की पावसाचा इशारा नव्हता, ढगफुटी झाली नव्हती, मग पूर आला कसा? प्रश्न रास्त आहे. आपले सगळे पाणी ढगातून येते, त्यामुळे पाण्याचा धोकाही ढग पाहूनच ओळखायची आपल्याला सवय आहे. येऊरच्या ओढ्यावर किंवा खारघरच्या पांडवकड्यावर आभाळ काळवंडले की शहाणी माणसे मागे फिरतात. हिमालयाच्या खोऱ्यात मे-जूनमध्ये ही सवय उपयोगी पडत नाही, उलट घात करते, कारण तिथे नाला सर्वांत जास्त फुगतो तो लख्ख उन्हाच्या दिवशी.

जानेवारीत पडलेले पाणी मे महिन्यात वाहते

पांडवकडा सुमारे शंभर मीटर उंचीचा आहे. त्याच्या माथ्यावर काळा बसाल्ट आणि त्यावर मातीचा पातळ थर, एवढेच. त्यामुळे पाऊस पडला की थोड्याच वेळात धबधबा धो धो वाहू लागतो आणि पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिली की बारीक होतो. सह्याद्रीच्या या भागाला पाणी धरून ठेवणे फारसे जमत नाही. म्हणूनच चार महिन्यांत पडलेले पाणी वर्षभर पुरवण्यासाठी आपल्याला भातसा आणि मोरबेसारखी धरणे बांधावी लागली.

पश्चिम हिमालयाचे तसे नाही. तिथे हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली, ज्यांना हवामानशास्त्रात पश्चिमी झंझावात म्हणतात, डिसेंबर ते मार्च या काळात बर्फ आणतात. हा बर्फ पडतो आणि पडल्या जागी साठत राहतो. म्हणजे जे पाणी आपल्याकडे पडल्या दिवशीच समुद्राच्या वाटेला लागले असते, ते तिथे चार-पाच महिने डोंगरावर थांबते. सिस्सूचा मे महिन्यातला धबधबा हा त्या अर्थाने जानेवारी-फेब्रुवारीचा पाऊस आहे, फक्त उशिरा निघालेला.

हा प्रकार केवळ हिमालयातला नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातला ७३९ मीटर उंचीचा मोठा धबधबा मे महिन्यात ऐन भरात असतो आणि ऑगस्ट अखेरीस बहुतेक वर्षी कोरडा पडतो. ज्या महिन्यांत पांडवकडा भरात असतो, त्याच महिन्यांत तो आटत जातो.

ऊन तापले तरी पाणी लगेच का येत नाही

हिवाळा संपून मार्च-एप्रिलचे ऊन पडू लागले तरी नाल्यांना लगेच पाणी वाढत नाही. हे समजण्यासाठी मासळी बाजारातला बर्फाचा खोका डोळ्यांसमोर आणावा. चेंदणी कोळीवाड्यात काय किंवा बेलापूरजवळच्या दिवाळ्यात काय, पहाटे कारखान्यातून आलेली बर्फाची लादी फोडून तिचा चुरा थर्माकोलच्या खोक्यात पापलेट-सुरमईवर पसरतात. खोक्याच्या तळाला पाणी जायला भोक असते. चुरा टाकल्यावर पहिला काही वेळ त्या भोकातून थेंबही येत नाही. बर्फ वरून ओलसर दिसतो, हाताला पाणी लागते, पण बाहेर काहीच पडत नाही. मग एकदा ठिबकायला लागले की मात्र खंड पडत नाही.

या उशिरामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही डोंगरावर जशीच्या तशी लागू पडतात. पहिले असे, की कारखान्यातून आलेला बर्फ शून्य अंशाच्या बराच खाली असतो. आधी तो शून्यापर्यंत यावा लागतो, मगच वितळणे सुरू होते. दुसरे असे, की सुरुवातीला वितळलेले पाणी चुऱ्याच्या फटींमध्ये धरून ठेवले जाते, आणि फटी भरल्याशिवाय ते खाली उतरत नाही. डोंगरावरच्या दोन-तीन मीटर जाडीच्या थरात वरचे पाणी आत झिरपते, तिथल्या थंडीत पुन्हा गोठते, गोठताना थोडी उष्णता सोडते आणि आतला थर तेवढाच शून्याकडे सरकतो. संपूर्ण थर वरपासून खालपर्यंत शून्य अंशावर आला आणि पाण्याने भिजला, की जलशास्त्रज्ञ तो ‘पक्व’ झाला असे म्हणतात. त्यानंतर वर वितळलेल्या पाण्याला खाली वाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मे महिन्याच्या सुमारास उतारांचे एकामागून एक पट्टे असे पक्व होत जातात आणि नाले जागे होतात.

दुसरी अडचण उष्णतेच्या हिशेबाची. शाळेच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ नावाची एक संकल्पना असते, जी परीक्षा संपताच विसरली जाते. पदार्थ वितळताना तापमान न वाढता जी उष्णता शोषली जाते ती ही. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापवता येते. बर्फ वितळवणे हे एवढे खर्चिक काम आहे, म्हणूनच उन्हाळा आला तरी डोंगरावरचा साठा एका झटक्यात संपत नाही आणि दोन-तीन महिने पुरतो.

मळका बर्फ अधिक वेगाने का जातो

हा खर्च मुख्यतः सूर्य उचलतो. मात्र नुकता पडलेला शुभ्र बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन सरळ परतवून लावतो, आणि गॉगल न घातल्यास डोळे दुखतात ते याच कारणाने. जुना, दाणेदार झालेला, धूळ आणि काजळी बसलेला बर्फ जवळपास निम्मे ऊन शोषून घेतो. मे महिन्यात मनालीच्या वर दिसणारा बर्फ अनेकांना निराश करतो, कारण तो चित्रातल्यासारखा पांढरा नसतो, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर हा मळकेपणाच सर्वांत महत्त्वाचा आहे.

एक सोपा हिशेब करून पाहू. उंचावर मे महिन्याच्या भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडते. मळक्या बर्फाने त्यातले निम्मे, म्हणजे ५०० वॅट शोषले आणि ते सगळे वितळण्यात खर्च झाले असे धरले, तर तासाभरात त्या चौरस मीटरमधून पाच लिटरांहून थोडे जास्त पाणी निघते. एवढ्याने कोणाचे लक्षही जाणार नाही. पण डोंगराच्या एका कुशीत असा एक चौरस किलोमीटर बर्फ असेल, तर तोच आकडा सेकंदाला सुमारे १,५०० लिटरांवर जातो. प्रत्यक्षात बर्फ आभाळाकडे उष्णता सोडतही असतो, त्यामुळे आकडा काहीसा कमी भरतो. तरीही ज्या नाल्यातून सकाळी लहान मूल दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाते, त्या नाल्याला दुपारनंतर काय होते याची कल्पना यावी.

बाराचे ऊन, पाचचा पूर

सूर्य बारा-साडेबाराला डोक्यावर असतो, पण नाल्याचे पाणी बाराला सर्वाधिक नसते. वरच्या थरात वितळलेले पाणी बर्फातून झिरपत जमिनीपर्यंत येते, उतारावरून ओहोळात, ओहोळातून नाल्यात उतरते, आणि या प्रवासाला वेळ लागतो. बर्फ जवळच असलेल्या छोट्या नाल्यांत तीन ते सहाच्या दरम्यान पाणी चढते. पाणलोट जसा मोठा, तशी ही वेळ पुढे सरकते. मोठ्या नदीच्या खालच्या भागात दुपारचे पाणी मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशीही पोहोचते. नदीकाठच्या हॉटेलात रात्री झोपताना पाण्याचा आवाज वाढल्यासारखा वाटतो तो पुष्कळदा भास नसतो.

रात्री उलटा खेळ होतो. आभाळ मोकळे असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता वर सोडून देतो, वरचा थर पुन्हा गोठून कडक होतो आणि पाण्याचा पुरवठा जवळजवळ थांबतो. म्हणून पहाटे ते सकाळी आठ-नऊ ही नाल्याची सर्वांत शांत वेळ. डोंगरावर चढाई करणारे लोक अंधारातच निघतात, त्यामागेही हेच कारण आहे. पहाटेच्या कडक बर्फावर पाऊल टिकते, दुपारी त्याच बर्फात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो.

लाहौलमधल्या ग्रांफूहून स्पितीतल्या काझाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नाल्याला चालकांनी ‘पागल नाला’ असेच नाव ठेवले आहे. सकाळी तो रस्त्यावरून पाटासारखा वाहतो, दुपारनंतर दगडगोटे घेऊन येतो. तिथले चालक प्रवाशांना पहाटे चारला उठवतात तेव्हा आपली मंडळी कुरकुर करतात. नाश्ता तरी करून निघू, दोन तासांनी काय बिघडते, असा सूर असतो. त्या दोन तासांवर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो हे चालकाला अनुभवाने ठाऊक असते, आणि ते समजावून सांगण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो.

हे चक्र कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येते. सकाळी नाल्याकाठी उभे राहून मोठ्या दगडांकडे नीट पाहावे. पाण्याच्या पातळीच्या वर हात-दीड हात दगडाचा रंग गडद आणि ओला असतो, कडेच्या वाळूवर काटक्या आणि गवताची एक रेघ अडकलेली असते. काल संध्याकाळी पाणी तिथवर होते आणि आजही, ऊन तसेच राहिले तर, ते तिथवर येणार आहे. मी म्हणेन, फोनवरच्या हवामानाच्या ॲपपेक्षा ही रेघ अधिक विश्वासाची आहे. पाण्याचा रंगही बोलतो. नुसत्या बर्फाचे पाणी सकाळी काचेसारखे असते, हिमनदीखालून आलेल्या पाण्यात खडकाची बारीक पूड मिसळलेली असल्याने ते दुधी-राखाडी दिसते, आणि चढत्या पाण्यात कडेची माती मिसळून ते गढूळ होते. पाण्याखालून दगड एकमेकांवर आपटल्याचा खोल आवाज येऊ लागला, तर पात्रातून तत्काळ बाहेर पडावे.

एक अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रात्री आभाळ ढगाळ राहिले तर ढग बर्फाला पांघरूण घालतात, तो नीट गोठत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाणी लवकर चढते. ढगाळ रात्रीनंतर स्वच्छ, उबदार सकाळ उजाडली की सहलीला आलेले खूश होतात, पण नाला ओलांडण्यासाठी तो दिवस वाईट.

‘पण एवढा पाऊस तर आमच्याकडे तासाभरात पडतो’

उन्हाळ्याच्या भरात डोंगरावरचा बर्फ दिवसाला साधारण २० ते ४० मिलिमीटर पाण्याइतका वितळतो. हा आकडा ऐकून ठाणेकराला हसू येईल, कारण आपल्याकडे जुलैमध्ये एवढा पाऊस एखाद्या तासात होऊन जातो आणि लोक त्यात कामावरही जातात. मग एवढ्याशा पाण्याने पूर कसा यावा?

आपला पाऊस जोरदार असला तरी सर सरकत जाते. घोडबंदरला मुसळधार आणि कळव्याला भुरभुर, हे आपण नेहमी पाहतो. सूर्य मात्र संपूर्ण खोऱ्यावर एकाच वेळी तळपतो आणि सगळ्या उतारांचे पाणी एकाच वेळी निघते. शिवाय खालची जमीन आठवडेच्या आठवडे भिजत राहिल्याने तृप्त झालेली असते, ती आणखी पाणी पिऊ शकत नाही. उतार इतके तीव्र असतात की पाण्याला पसरायला जागा नसते. दहा चौरस किलोमीटरच्या छोट्या पाणलोटात ३० मिलिमीटर बर्फ वितळला तर त्या एका दिवसाचे पाणी ३० कोटी लिटर होते आणि त्यातला मोठा वाटा दुपारनंतरच्या काही तासांत एका अरुंद नाल्यातून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इथे ‘आज उघडीप आहे’ या वाक्याचा अर्थच उलटा होतो.

हा क्रम महिनाभर आणि अधिक काळ टिकतो, कारण बर्फ सगळीकडे एकदम संपत नाही. उंची एक किलोमीटरने वाढली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. खालचा पट्टा एप्रिलमध्ये मोकळा होतो, मधला मे महिन्यात, वरचा जून-जुलैत. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आधी रिकामा होतो, उत्तरेकडचा सावलीतला मागून. बर्फाची रेघ डोंगरावर अशी वर वर चढत जाते आणि खालच्या धबधब्याला पाणी मिळत राहते.

‘पाणी तर गुडघाभरच असते’

हा युक्तिवाद पात्रात उतरणारा प्रत्येक जण करतो. वाहत्या पाण्याचा धक्का त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. डोंगरी नाल्याच्या वेगात गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते, आणि तळाचे दगड गोल, निसरडे व हलते असल्याने आधार मिळत नाही. त्यात हे पाणी शून्याहून काही अंशच उबदार असते. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो आणि तोंडात पाणी जाते. त्यातून सावरले तरी काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते, दोरी धरायला बोटे वळत नाहीत. उपवनच्या किंवा मासुंद्याच्या तलावात पट्टीचा पोहणारा म्हणून मिळवलेली कीर्ती इथे कामाला येत नाही.

बियास किंवा सतलजसारख्या मोठ्या नद्यांवर आणखी एक धोका असतो, आणि तो माणसाने निर्माण केलेला आहे. या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प आहेत आणि बर्फ वितळण्याच्या हंगामात त्यांच्याकडे पाणी वाढते असते, ते कधीही सोडावे लागू शकते. ८ जून २०१४ रोजी संध्याकाळी मंडी जिल्ह्यात लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यांच्याबरोबरच्या सहलीच्या एका संयोजकाचाही त्यात अंत झाला. पाणी चढायला लागले तेव्हा काठावर येण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नव्हता.

बर्फाचे पूल हा त्याहून फसवा प्रकार. हिमस्खलनाने नाल्यावर साचलेला बर्फ वरून भक्कम दिसतो, पण खालून वाहणारे पाणी तो रोज पोखरत असते. जूनमध्ये वरचा थर हातभरच उरलेला असू शकतो आणि वरून पाहून ते कळत नाही. स्थानिक माणूस ज्या पुलावरून जात नाही त्यावर आपण फोटोसाठी उभे राहू नये, एवढे पुरे.

‘हे सगळे हिमनद्या वितळल्यामुळेच ना?’

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. दर हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात जाणारा बर्फ हा हंगामी साठा आहे. हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो दरवर्षी असाच वितळत आला आहे आणि तो वितळायलाच हवा. हिमनदी हा त्याहून वेगळा, शेकडो वर्षांचा जुना बर्फ. हंगामी बर्फ वरच्या भागातून हटल्यावर, साधारण जुलैनंतर, हिमनदीचा पृष्ठभाग उघडा पडून वितळू लागतो. मे महिन्यात सिस्सूला दिसणारे पाणी बहुतांशी हंगामी बर्फाचे असते. दोन्ही मिळून भाक्रापाशी सतलजच्या वार्षिक पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा येतो. गंगेत देवप्रयागपाशी हाच वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आहे, कारण तिथे मोसमी पाऊस मोठा असतो.

तापमानवाढीचा संबंध आहे तो या साठ्याच्या प्रमाणाशी आणि वेळेशी. काठमांडूतली ‘इसिमोड’ ही आंतरराष्ट्रीय संस्था हिंदुकुश-हिमालयात हिवाळ्यात बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो याचा दरवर्षी आढावा घेते. २०२५ च्या आढाव्यात हे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होते, २३ वर्षांतले सर्वांत कमी, आणि सरासरीपेक्षा कमी असण्याचे ते सलग तिसरे वर्ष होते. बर्फ कमी, त्यात काही ठिकाणी बर्फाऐवजी पाऊस, आणि वितळणे लवकर सुरू, असे झाले की मे-जूनमध्ये लागणारे पाणी मार्च-एप्रिलमध्येच निघून जाते.

पर्यटकाला त्याचे फारसे काही वाटणार नाही, धबधबा थोडा बारीक दिसेल इतकेच. लाहौलच्या शेतकऱ्याचे तसे नाही. पीर पंजाल रांगेच्या पावसाच्या सावलीत असलेल्या या खोऱ्यात बटाटा आणि वाटाणा पिकतो तो ‘कुहल’ नावाच्या पाटांतून शेतात आणलेल्या बर्फाच्या पाण्यावर. पावसाने हात दिला नाही तर मोटारपंप लावू, ही सोय तिथे सहसा नाही. खाली कुल्लू खोऱ्यातल्या सफरचंदाच्या बागांनाही हिवाळ्याची थंडी आणि बर्फाची ओल लागते, आणि ती सफरचंदे पुढे वाशीच्या घाऊक फळबाजारात आपल्याच वाट्याला येतात.

लडाखची अडचण याहून चमत्कारिक आहे. तिथे पाणी हवे असते एप्रिल-मे महिन्यात, पेरणीच्या वेळी, आणि उंचावरचा बर्फ वितळतो जूनपासून. हा दोन महिन्यांचा खड्डा भरण्यासाठी सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात ‘हिमस्तूप’ उभारला. वरच्या ओढ्याचे वाया जाणारे हिवाळी पाणी नळाने गावाजवळ आणायचे, उताराच्या दाबाने ते कारंज्यासारखे उंच उडवायचे आणि रात्रीच्या कडाक्यात गोठवून त्याचा शंकू वाढवत न्यायचा. शंकूच का, तर त्यात बर्फ भरपूर मावतो पण उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग त्या मानाने कमी असतो, म्हणून तो सपाट साठ्यापेक्षा सावकाश वितळतो. अप्रकट उष्म्याचा आणि उन्हाचा वर मांडलेला हिशेब इथे माणसाने आपल्या बाजूने वळवला आहे, आणि मला या विषयातले हे सर्वांत देखणे उदाहरण वाटते.

बर्फावर पाऊस पडला तर

कोमट पावसाने बर्फ भराभर वितळतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. दहा अंशांच्या एक लिटर पावसात जेमतेम ४२ किलोज्यूल उष्णता असते. म्हणजे त्या लिटरभर पावसाने शंभर-सव्वाशे ग्रॅम बर्फ वितळेल. खरा उपद्रव पावसाबरोबर येणाऱ्या दमट वाऱ्याचा. हवेतली वाफ थंड बर्फावर येऊन तिचे पाणी होते तेव्हा एका किलोमागे सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तेवढ्याने सात किलोंहून अधिक बर्फ वितळतो. त्यात पावसाचे स्वतःचे पाणी मिसळले की नद्यांना दुहेरी भार होतो. जून २०१३ मध्ये केदारनाथला मोसमी पाऊस लवकर आला तेव्हा डोंगरांवर बर्फ अजून शिल्लक होता. १६ आणि १७ जूनच्या अतिवृष्टीत हे वितळलेले पाणीही मिसळले, आणि १७ तारखेला सकाळी वरचा चोराबारी तलाव फुटला. जूनच्या उत्तरार्धात उत्तराखंड-हिमाचलात पाऊस पोहोचतो, तेव्हा बर्फ उरलेला आणि ढगही आलेले, अशी दोन्हींची गाठ पडण्याचा काळ असतो. सुट्टीतली शेवटची सहल जूनमध्ये ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग धबधबा पाहावा केव्हा?

धबधब्याचे खरे रूप दुपारी चारनंतर दिसते, यात शंका नाही. मात्र ते पाहायचे असते पैलतीरावरून, पक्क्या रस्त्यावरून किंवा पुलावरून. सिस्सूचा धबधबा गावाकडच्या काठावरून, चंद्रा नदी मध्ये ठेवूनच उत्तम दिसतो. धबधब्याच्या पायथ्याशी जायचे, नाला ओलांडायचा किंवा पाण्याजवळ बसून डबा खायचा, तर ते सकाळी दहाच्या आत उरकावे आणि परतीची वाट पाण्याच्या पलीकडे राहणार नाही याची काळजी घ्यावी. सकाळी सहज ओलांडलेला ओहोळ संध्याकाळी परतताना अडवतो, आणि अडकलेल्यांच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा एवढीच गोष्ट असते. पायथ्याशी उभे राहताना वरूनही सावध राहावे, कारण रात्री फटींमध्ये गोठलेले पाणी ऊन लागल्यावर सुटते आणि त्याबरोबर दगडही सुटतात.

टूरचा कार्यक्रम हातात आल्यावर हॉटेलांच्या नावांइतकेच वेळांकडे पाहावे. पहिला अर्धा दिवस बाजारात आणि दुपारी तीनला नाला ओलांडून पुढच्या मुक्कामी, असा क्रम छापलेला असेल तर तो उलटा करून घ्यावा. स्थानिक चालकाला हे सांगावे लागत नाही. ठाण्यात किंवा वाशीत बसून कार्यक्रम आखणाऱ्याला मात्र सांगावे लागते, आणि ते आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सांगितलेले बरे.